ताक गेलं कुठं?

पुणे-नाशिक महामार्गावर मंचरला दुधाचा टँकर दिसला नाही असा दिवस सापडायचा नाही. 1992 मध्ये सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचा मोठा कारखाना इथलाच. ‘गोवर्धन’चं तूप, चीज, सीलबंद डब्यातलं दही इथून निघून शहरांतल्या फ्रिजांपर्यंत पोचतं. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पूर्व भागात ऊस, कांदा, द्राक्षं, नारायणगावचा टोमॅटो आणि वस्तीवस्तीवर संकरित गाई. सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन लटकावलेल्या मोटरसायकली डेअरीकडे पळत असतात.

त्याच मंचरहून पश्चिमेला निघावं. घोडेगाव, शिनोली मागे पडतात, डिंभे धरणाची भिंत येते आणि हुतात्मा बाबू गेनू सागराच्या कडेकडेने रस्ता आहुपे खोऱ्यात नाहीतर पाटण खोऱ्यात शिरतो. जुन्नरकडून गेलं तर आपटाळे ओलांडल्यावर इंगळूण, आंबे-हातवीज, घाटघर अशी गावं लागतात. तालुके तेच, पण सगळा नूर पालटलेला. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, काही ठिकाणी कातकऱ्यांची चार-दोन घरं. भात, नाचणी, वरई, खुरासणी ही पिकं. गोठ्यात गाय असली तर ती मुख्यतः औताला बैल मिळावा म्हणून. तिचं दूध ते किती आणि त्यातलं वासराला सोडून उरणार किती! सकाळचा चहा बहुतेकदा कोरा, आणि त्याचा घोट लहान पोरांच्याही वाट्याला येतो.

आतड्यांतले जिवाणू आणि कुपोषण यांवर गेल्या वीसेक वर्षांत जगभर जे संशोधन झालं, ते वाचताना ही दोन टोकं डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. नाहीतर चर्चा भलतीकडेच जाते: कोणती पुडी, कोणतं पेय, कोणत्या बाटलीत किती अब्ज जिवाणू.

कुपोषण म्हटलं की मराठी वाचकाला मेळघाट आठवतो, फार तर पालघर-जव्हार. पुणे जिल्हा आठवत नाही, कारण पुणे जिल्हा म्हणजे हिंजवडी आणि चाकण. पण घोडेगावात आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे ते उगाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोड, आणि 10.9 टक्के अतितीव्र रोड. एवढी दुधाची, साखरेची आणि द्राक्षांची निर्यात करणाऱ्या राज्यात चारांतलं एक मूल रोड असावं, हे वाचून गप्प बसण्यासारखं नाही.

अंगणवाडीच्या भाषेत या मुलांचे दोन गट पडतात, ‘सॅम’ आणि ‘मॅम’. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित; 11.5 ते 12.5 च्या मध्ये मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. दंड मोजायच्या पट्टीवरचा लाल रंग आषाढ-श्रावणात जास्त दिसू लागतो. डोंगरात भात दिवाळीच्या सुमारास घरात येतो, त्यामुळे पावसाळ्यात कणगी तळाला गेलेली असते. लावणीसाठी आई दिवसभर चिखलात. झऱ्याचं पाणी गढूळ. आणि याच दिवसांत पोरांना हगवण लागते.

हगवण थांबते, वजन मात्र परत येत नाही. इथून आतड्याची गोष्ट सुरू होते.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषायचं काम त्यांचं. दूषित पाणी, विष्ठेचे जंतू, अंगणात कोंबड्या-शेळ्यांच्या बरोबरीने रांगणारं आणि हाताला लागेल ते तोंडात घालणारं मूल. हे महिनोन्‌महिने चाललं की अंकुर झिजतात, आखूड होतात. आतड्याची भिंत सैल पडते, जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीर सतत धुमसत राहतं. जेवलेल्या घासातला काही भाग वाया जातो, काही या धुमसण्यातच खर्च होतो. मुलाला जुलाब असतीलच असं नाही. ते हसत-खेळतही असेल. फक्त वाढत नाही.

मग पाणी आणि संडास सुधारले की झालं, असं वाटणं साहजिक आहे. 2018 मध्ये बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे या तीन देशांतल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: घरोघरी संडास, साबण, पाण्यात क्लोरीन एवढं पुरवून मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. पूरक आहाराने पडला, तोही थोडाच. याचा अर्थ स्वच्छतेचा उपयोग नाही असा नव्हे. शौचालयाचं अनुदान आणि क्लोरीनची बाटली एवढ्यात जमिनीवरची घाण हटत नाही, एवढाच घ्यायचा.

दुसरा धागा जिवाणूंचा. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रातले तहमीद अहमद यांच्या गटाने 2014 मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात एक निरीक्षण मांडलं. निरोगी मुलाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती पहिल्या दोन वर्षांत ठरावीक क्रमाने वयात येते. अतितीव्र कुपोषित मुलात ती वस्ती पोरवयातच अडकून राहते. मूल दीड वर्षाचं, जिवाणू सहा महिन्यांच्या बाळाचे. त्या मुलांना शेंगदाण्याची तयार पेस्ट दिली, काहींना खिचडी-हलवा दिला. वजन वाढलं, जिवाणूंची वस्तीही थोडी पुढे सरकली, आणि उपचार थांबल्यावर काही महिन्यांत पुन्हा मागे आली. ग्राम बाल विकास केंद्रातून बरं होऊन घरी गेलेलं मूल पुढच्या पावसाळ्यात पुन्हा यादीत का येतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या निष्कर्षाचं आश्चर्य वाटणार नाही.

जिवाणू पोरवयात अडकलेत, तर बाहेरून चांगले जिवाणू घाला. कल्पना सोपी होती आणि ती करून पाहण्यात आली. मलावीतल्या ब्लँटायरमध्ये 2006-07 मध्ये 795 अतितीव्र कुपोषित मुलांपैकी निम्म्यांच्या उपचारी आहारात चार जातींचे लॅक्टिक जिवाणू आणि चार प्रकारचे तंतू मिसळले. बरी झालेली मुलं: जिवाणूवाल्या गटात 53.9 टक्के, साध्या गटात 51.3 टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक शून्य. युगांडाच्या राजधानीत 400 मुलांवर असाच प्रयोग झाला. इस्पितळातल्या मुलांची हगवण कमी झाली नाही, घरी गेल्यावर मात्र तिचे दिवस थोडे घटले.

दुसऱ्या बाजूला ओडिशाची चाचणी आहे. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने खेड्यांतल्या 4,556 नवजात बाळांवर ती केली. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमची एक जात आणि तिच्यासाठी थोडी शर्करा, असा डोस सात दिवस. जंतुदोष किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. 2017 मध्ये हा निष्कर्ष छापून आला तेव्हा तो जगभर गाजला, आणि गाजायलाच हवा होता. पण ती बाळं दोन किलोंच्या वरची, अंगावर पिणारी, धडधाकट होती. कुपोषणाचा तो इलाज नव्हता, जन्मानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतल्या जंतुदोषाचा बंदोबस्त होता. कोलकात्यात एक ते पाच वर्षांच्या मुलांना बारा आठवडे जपानी पद्धतीचं जिवाणूयुक्त दुग्धपेय दिलं, तेव्हा हगवणीचे प्रसंग 14 टक्क्यांनी कमी झाले. चांगली गोष्ट आहे. पण रोज एक बाटली विकत घ्यायची कोणी?

एक घोळ इथेच निस्तरलेला बरा, कारण तो दिवाळीच्या फराळापर्यंत येतो. आंबवलेला प्रत्येक पदार्थ ‘प्रोबायोटिक’ नसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी 2001 मध्ये केलेल्या व्याख्येत तीन अटी आहेत: जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येत हवेत आणि त्यांचा फायदा सिद्ध झालेला हवा. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलूनही चांगले आंबतात, आणि मग तुपात तळले जातात. कुरडईचे गहू तसेच. त्यांचा चीक शिजतो, पोरं तो वाटीत घेऊन चाटतात. चव, पोत आणि पचायला सोपेपणा आंबवण्यातून येतो, जिवंत जिवाणू मात्र एकही उरत नाही. शेजाऱ्याने आणलेल्या अनारशाला ‘प्रोबायोटिक’ म्हणणारे निरोप हल्ली फोनवर फिरतात, त्यांना हे सांगून उपयोग नाही, तरी सांगावं.

मग नाचणीची आंबील?

नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. तिकडे टांझानियात नाचणी, मका, ज्वारीच्या पिठाची ‘तोग्वा’ नावाची आंबवलेली पेज आजही करतात. 1990 च्या दशकात तिथल्या संशोधकांनी पाच वर्षांखालच्या मुलांना रोज तोग्वा देऊन त्यांच्या शौचाची तपासणी केली. आंबवलेली पेज पिणाऱ्या मुलांत हगवणीचे जंतू कमी सापडले. कारण सरळ आहे. लॅक्टिक जिवाणू पिठाला इतकं आंबट करतात की हगवणीच्या बहुतेक जंतूंचा तिथे निभाव लागत नाही. सकाळी केलेली साधी पेज दुपारपर्यंत उघडी राहिली तर तिच्यात घाण वाढते. आंबट पेज बराच वेळ टिकते. आई रानात जाताना जे मागे ठेवून जाते त्याच्या दृष्टीने हा गुण मोठा आहे.

आंबण्याचा दुसरा फायदा खनिजांचा. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, लोहही बऱ्यापैकी. पण धान्यातलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं. पीठ आंबलं की धान्यातलीच विकरं हे आम्ल फोडतात आणि लोह-जस्त थोडं मोकळं होतं. कोऱ्या चहातलं टॅनिन नेमकं उलटं काम करतं. पोराला चहा न देणं हा बिनपैशाचा पोषण कार्यक्रम ठरेल, पण चहा भूक मारतो म्हणूनच तो दिला जातो, हेही तिथे जाऊन सांगणाऱ्याला ठाऊक हवं.

आंबील करायच्या रीती दोन. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात किंवा ताकात कालवून ठेवायचं आणि सकाळी मीठ, लसूण, जिरं घालून शिजवायचं. यात जिवाणू आपलं काम उरकून मरतात. दुसरी म्हणजे पेज शिजवून कोमट झाल्यावर वरून ताक घालायचं. यात ताकातले जिवाणू जिवंत पोटात जातात. आजीला यातला फरक जिवाणूंच्या भाषेत सांगता येणार नाही, पण उन्हाळ्यात ती दुसरी रीत धरते.

इथपर्यंत आंबिलीची बाजू भक्कम आहे. आता हिशोब. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण 320 किलोकॅलरी. एका वाटी पातळ आंबिलीत पीठ पडतं मोठा चमचाभर, म्हणजे 10 ग्रॅम, उष्मांक 32. सात किलोचं अतितीव्र कुपोषित मूल भरून यायचं तर सुधारणेच्या काळात त्याला किलोमागे 150 ते 220 किलोकॅलरी लागतात, म्हणजे दिवसाला किमान 1,050. ते नुसत्या आंबिलीवर गाठायचं तर तेहतीस वाट्या! एवढ्याशा पोराचं पोट एका वेळी धरतं जेमतेम एक वाटी. आंबिलीने पोट तट्ट फुगतं, मूल रडायचं थांबतं आणि उपाशी राहतं. आरोग्य-अन्नावरच्या चकचकीत लेखांत आंबिलीचं जे गुणगान येतं, त्यात हा हिशोब सापडत नाही. ते लेख वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात आणि त्यांच्यासाठी ते खरेही आहेत.

पीठ वाढवावं तर पेज लापशीसारखी घट्ट होते, सहा-आठ महिन्यांच्या बाळाला गिळवत नाही. हा तिढा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात सोडवून दाखवला. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज हे विकर तयार होतं. मोडाचं पीठ घट्ट लापशीत थोडंसं ढवळलं की पिष्टाच्या लांब साखळ्या तुटतात आणि लापशी बघता बघता सैल होते. पाणी न वाढवता पातळ. आपल्याकडचं मोड आणून, वाळवून, दळलेलं नाचणीसत्त्व याच जातकुळीतलं. त्यात चमचाभर खुरासणीचं तेल टाकलं तर आणखी 45 किलोकॅलरी, म्हणजे वाटीभर आंबिलीहून जास्त. खुरासणी या डोंगरातच पिकते, आणि तिचं तेल इथल्या जुन्या माणसांना बाजारच्या पिशवीतल्या तेलापेक्षा आवडतं.

मग ताकाचं काय? खरी हानी तिथे झाली आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

कुपोषित आतड्याचे अंकुर झिजतात तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्या टोकावरचं लॅक्टेज जातं, म्हणजे दुधातली साखर पचवणारं विकर. म्हणून हगवणीनंतर दूध बाधतं. विरजणातल्या जिवाणूंनी ही साखर आधीच थोडी खाल्लेली असते आणि उरलेली पचवायचं विकर ते स्वतःबरोबर आणतात. लांबलेल्या हगवणीत दुधाऐवजी दही द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या आहार-सूचनांतही आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने तर जिवाणूंबद्दलचे बाजारातले बहुतेक दावे फेटाळताना दह्याचा हा एक दावा 2010 मध्ये मान्य केला. अट एवढीच की ग्रॅममागे किमान 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत. थोडक्यात, रोडावलेल्या पोराला चालेल असं दुधाचं रूप म्हणजे दही-ताक, आणि ते घरात फुकट होत होतं.

दुधाची गाडी गावात येण्यापूर्वी दूध नासू नये म्हणून त्याचं दही लागायचं, दह्याचं लोणी आणि लोण्याचं तूप. विकलं जायचं ते तूप. ताक मागे उरायचं, आणि ताक विकणं कमीपणाचं समजलं जाई. ते वाटलं जायचं. गडी-माणसांना, शेजाऱ्यांना, दारात भांडं घेऊन आलेल्या कुणालाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची म्हण मराठीत आहे, कारण ताकाला जाणं हा रोजचाच व्यवहार होता. ताकात भिजवलेल्या कण्या, ताकात कुस्करलेली शिळी भाकरी ही गरिबाची न्याहारी होती आणि ती वाईट न्याहारी नव्हती.

1970 मध्ये दुधाचा महापूर योजना आली, सहकारी संघ गावोगाव पोचले, पुढे खासगी डेअऱ्या आल्या. शेतकऱ्याच्या हातात दर दहा दिवसांनी पैसा पडू लागला. त्या पैशाने मुलांच्या शाळा झाल्या, विहिरी खोदल्या गेल्या. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण दूध दूधरूपानेच गावाबाहेर गेलं आणि त्याबरोबर ताकही गेलं. ज्याच्या गोठ्यात जनावर नाही त्याचा दुधाशी उरलेला एकमेव संबंध तुटला. पूर्व पट्ट्यात टोमॅटो तोडायला येणाऱ्या डोंगरातल्या मजूर बाईच्या पोराला, तिच्या सभोवती हजारो लिटर दूध वाहत असताना, वाटीभर ताक मिळण्याची सोय आता नाही. मिळतं ते पाकिटात, पैसे देऊन.

या भागाला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या परिसरात एक जगप्रसिद्ध अभ्यास झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून सहा गावांतल्या गरोदर बायांची आणि मग त्यांच्या मुलांची पिढीभर नोंद ठेवली. बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरलं. दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दुधाचे पदार्थ जास्त वेळा खात त्यांची बाळं मोठी, असंही त्यातून दिसलं. ब-12 फक्त जिवाणूच बनवतात, म्हणून आंबवलेल्या अन्नातून ते मिळतं असा समज पसरला आहे. आंबिलीच्या आंबटपणात त्याचा भरवसा नाही; दूध, दही, अंडी, मासे यांत ते आहे. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा: ताकातल्या जिवाणूंइतकंच, किंबहुना जास्त मोलाचं, ताकातलं दूध.

पोटाच्या औषधांचा विषय निघाला की या डोंगराला हिरडा आठवतो. मार्च ते मे वाडीवाडीवर अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला असतो. पोरं, म्हातारी, सगळे गोळा करतात. पावसाळ्याआधी हातात येणारा रोख पैसा तोच. त्रिफळा चूर्णात, पोट साफ करणाऱ्या औषधांत आणि शहरी बाळाच्या गुटीच्या सहाणेवर हा हिरडा उगाळला जातो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडं झोडपली तेव्हा किसान सभेला भरपाईसाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. देशाच्या पोटाचं औषध पुरवणाऱ्यांच्या पोटाची ही कथा. गुटीबद्दल बालरोगतज्ज्ञ वेगळंच सांगतात: सहा महिने फक्त आईचं दूध. त्यात शेकड्याहून अधिक प्रकारच्या अशा शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बायफिडो जिवाणूंसाठी. निसर्गाने जिवाणू आणि त्यांचा डबा दोन्ही एकाच ठिकाणी ठेवले आहेत. बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवणं म्हणजे हा डबा फेकून देणं.

नाचणीचीही पीछेहाट झाली. पश्चिम आंबेगावात पडकईची जुनी रीत आहे: सगळ्यांनी मिळून एकेकाचा उतार बांधून काढायचा. डिंभे धरणग्रस्तांमध्ये काम करणाऱ्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने तिला सरकारी योजनेची जोड मिळवून दिली. खाचरं वाढली, भात वाढला, आणि वर्षभराच्या भाताची निश्चिंती हे डोंगरातल्या माणसाचं साधं, रास्त स्वप्न होतं. वर रेशनचा तांदूळ-गहू. उतारावरची नाचणी-वरई आपोआप मागे पडली. 2023 मध्ये भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं तेव्हा नाचणीची बिस्किटं पुण्याच्या मॉलमध्ये आली. आहुप्याच्या दुकानात पाच रुपयांचा बिस्किटपुडा मैद्याचाच.

पाण्याचंही तेच. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांचं पाणी कालव्याने पूर्वेला, जिल्ह्याबाहेरपर्यंत जातं. धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये बाया झऱ्याच्या डबक्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. त्या पाण्यात कालवलेल्या ताकातले चांगले जिवाणू कोणाशी आणि किती झुंजणार?

गॉर्डन आणि अहमद यांच्या गटाने पुढे प्रश्न उलटा करून पाहिला. बाहेरून जिवाणू धाडण्याऐवजी, पोटात आहेत त्यांतल्या चांगल्यांना काय खायला घातलं तर ते वाढतात? अनेक पदार्थ तपासून झाल्यावर ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या मध्यम कुपोषित मुलांना, वय 12 ते 18 महिने, तीन महिने दिवसातून दोनदा एक मिश्रण देण्यात आलं: हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि हिरव्या केळ्याचा गर, वर साखर, तेल आणि सूक्ष्म पोषकं. 2021 मध्ये निकाल आला. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा यात उष्मांक साधारण 20 टक्के कमी असूनही मुलांचं वजन जास्त वेगाने वाढलं. फरक फार मोठा नव्हता. पण मिश्रणात एकही जिवाणू घातलेला नव्हता, आणि यादीतली चारही नावं घोडेगावच्या बाजारात मिळतात.

मिळणं आणि मुलाच्या तोंडात जाणं यांत मात्र अंतर आहे. मीरपूरमध्ये सुरुवातीला मुलांना केंद्रावर आणून भरवलं गेलं, मग हळूहळू घरी. आपल्याकडे 2015 पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं. पुढच्या वर्षी मुलांना अंडी, नाहीतर केळी देणं सुरू झालं. योजना चांगली आहे. पण अंगणवाडी दुपारी बंद होते आणि सॅम मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवावं लागतं. लावणीच्या दिवसांत आई अंधार पडता परतते. सहा महिने ते तीन वर्षं या वयाचं मूल, ज्याचे जिवाणू वयात येण्याचा नेमका हाच काळ, ते दिवसभर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी इथल्या जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने यावर पाळणाघरं काढली, ‘फुलवारी’ नावाची. तीन वर्षांखालची मुलं गावातल्याच बाया सांभाळतात, सत्तू आणि खिचडी वेळेवर भरवतात. पुढे त्या राज्याच्या सरकारनेही ही कल्पना उचलली. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम खोऱ्यांत निदान आषाढ-श्रावणाचे दोन महिने असं काही प्रत्येक वाडीवर चालवायला नवं संशोधन लागत नाही. नाचणीसत्त्वाची घट्ट लापशी, खुरासणीचं तेल, शेंगदाण्याचा कूट, अंडं, उकळून गाळलेलं पाणी. आणि पूर्वेकडच्या एखाद्या दूध संघाकडून रोज एक कॅन ताक, जे लापशी कोमट झाल्यावरच वरून घालायचं.